करंगळी

रविवार. प्राणिशास्त्राच्या मागच्या खोलीचं दार
ऐनापुरे मामा खांद्यानं रेटून उघडतात.
"पाचला बंद करणार बघा," म्हणतात,
"आणि वास डोक्यात चढला तर व्हरांड्यात या."

मी स्टूल ओढते. वहीत तारीख घालते. सांगली.

पहिली मगर.
पेंढा भरणाऱ्यानं तिला हसरी करून ठेवलीय,
आणि कृष्णेतली मगर अशी हसत नाही,
औदुंबरच्या घाटावर कुणालाही विचारा.
तीन पानं फाडली. चौथ्यावर
नुसते शेपटीचे खवले काढले, कौलांसारखे,
तोंड सोडून दिलं.

मग बरणीतला मण्यार, विटक्या जिलबीसारखा.
मग तरसाची कवटी, पाटीवर "लांडगा" लिहिलेली,
पण दाढा बघितल्या की कळतं
हा हाडं फोडून खाणारा.
मग घुबड. त्याला काचेचे दोन वेगवेगळे डोळे,
एक पिवळा, एक जरा हिरवट.
मी दोन्ही तसेच काढले.

दुपारी मामांनी भडंगाचा पुडा सोडला.
कांदा बुक्कीनं फोडला. लिंबू नव्हतं.
पायरीवरून उठताना दिसली
माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ,
पट्टीनं मारल्यासारखी, दारावरून, कपाटांवरून,
भिंतीवर रंगवलेल्या उत्क्रांतीच्या चित्रातून गेलेली,
मासा, बेडूक, सरडा बुडवून
वानराच्या कमरेशी थांबलेली.
"पुराचं पाणी," मामा म्हणाले,
आणि पुड्यात शेंगदाणे शोधत राहिले.

मग खरा वानर.
उभा सांगाडा, तारेनं ओवलेला, हात जरासे पुढे,
जणू कुणी ताट देणार आहे.
मी आधी फासळ्यांमधली जागा काढली, मग फासळ्या.
हे मला चित्रकलेच्या वर्गात नाही कळलं.
मिरजेत, दुकानात, सतारीचा भोपळा कापताना
अब्बा म्हणायचे, भोपळा नाही गं कापायचा,
आतली पोकळी कापायची.
घोडीसाठी ते हाड घासत बसायचे तासन् तास.
त्या भुकटीचा वास मला पुढे
फक्त दातांच्या दवाखान्यात भेटला.

एका हाताला तास गेला.
मनगटातली हाडं चिंचोक्यांसारखी,
मग बोटं. पेर, पेर, पेर.
चारच्या सुमाराला मामा मागे येऊन थांबले,
चहाचा कप हातातच.

"नफिसाताई, डावी करंगळी काढली?"
"काढली की."
"शेवटचं पेर?"
"काढलं."
"ते माझं आहे."

पूर ओसरल्यावर गाळ चाळला होता त्यांनी
पिठाच्या चाळणीनं, अकरा दिवस.
सशाचं, घोरपडीचं, कासवाचं निवडून
बिस्किटांच्या डब्यांत वेगवेगळं.
एवढं एक पेर मिळालं नाही.
मग घरच्या मोडक्या पाटाचा तुकडा, ब्लेड, काचकागद,
रंगासाठी चहाचा चोथा.
"सरांना बोललो नाही. पोरं मोजतात, बरोबर भरतं."

मी वानराजवळ गेले, चष्मा वर केला.
कळत नव्हतं.
नखानं हळूच टिचकी मारली,
शेजारच्या पेराला, मग त्याला.
तेव्हा कळलं. आमच्या घरात ते डोळे मिटूनही कळतं.

चित्राखाली मी वानराचं शास्त्रीय नाव लिहिलं,
करंगळीपासून एक बाण काढला
आणि बाणाच्या टोकाशी: ऐनापुरे.
"खोडा ते," मामा म्हणाले.
मी रबर फिरवलं, पण हलक्या हातानं.

रात्री घरी सगळं सांगितलं.
आमच्याकडे लाकडावर हाड बसवतात,
तिथं हाडाच्या टोकाला लाकूड, म्हटलं.
अब्बांनी कानस खाली ठेवली.
वही दिव्याखाली धरून बराच वेळ बघितली,
मगरीची शेपटी, घुबडाचे डोळे, सगळं ओलांडून तो हात.

मग विचारलं,
"पाट कशाचा होता? फणसाचा की आंब्याचा?"

ते मी विचारायचं विसरले होते.